विचारल्याशिवाय बोलायचं नाही

नेल्लिपोडू, ६ नोव्हेंबर

श्रीयुत बेदेगौडा वनपाल साहेब यांना आचुगेगौडा वॉचरचा नमस्कार.

साहेब, आपलं पत्र मिळालं. पोस्टमन आमच्या पोडूपर्यंत, या डोंगरातल्या वाडीपर्यंत चढत नाही, खाली रेशनच्या दुकानात टाकून जातो. तिथं ते आठ दिवस साखरेच्या पोत्यावर पडून होतं. आठ महिन्यांनी भाच्याला मामाची आठवण झाली म्हणून बरं वाटलं. मग वाचलं, तेव्हा कळलं की आठवण मामाची नव्हे, कामाची आहे.

आपण लिहिता की चौकशी संपेपर्यंत आपल्याला ट्रेनिंग सेंटरवर बसवलंय, नव्या पोरांना शिकवायला. ‘वनसेवेसाठी लागणारी कौशल्ये’ असा एक धडा आपल्याला तयार करायचाय. सोबत छापील कागद पाठवलात. त्यावर नेतृत्व, संवाद, संगणक, नकाशावाचन, शारीरिक क्षमता अशी नावं आहेत आणि प्रत्येकापुढं मोकळी जागा. ती मी भरायची म्हणे. बावीस वर्षं मी या डोंगरात वॉचर आहे आणि बावीस वर्षं खात्यानं मला कायम केलं नाही, कारण माझ्याकडे दहावीचा दाखला नाही. आश्रमशाळेची चौथी एवढीच माझी विद्या. आता दाखलेवाल्यांच्या धड्यात काय लिहायचं ते मी सांगू?

सांगतो. शारीरिक क्षमतेपासून सांगतो, कारण ती तुला मीच दिली. तुमच्या भरतीत चार तासांत पंचवीस किलोमीटर चालायचं होतं. तू हॉस्टेलच्या भातावर वाढलेला, तिसऱ्याच मैलाला पोट धरून बसायचास. महिनाभर रोज तुझ्याबरोबर मी चाललो. तू बुटात, मी अनवाणी. पास झालास, पेढे वाटलेस. पण ते चालणं रस्त्यावरचं रे. जंगलात जो भराभर चालतो तो हत्तीच्या अंगावर जाऊन आदळतो. जंगलात दर वीस पावलांवर थांबावं लागतं. थांबून कान द्यावा लागतो. थांबण्याची परीक्षा तुमच्याकडे कोणी घेत नाही, म्हणून तुझा पहिला नंबर आला.

केतम्मानं तुझं पत्र चुलीत घालायला मागितलं होतं. मी दिलं नाही. छापील कागदाची मागची बाजू कोरी आहे, तिच्यावरच हे लिहितोय. माझी लेक आता तुझं नाव घेत नाही, ‘तो’ म्हणते. “त्यानं माझ्या नवऱ्याला जाळात पाठवलं, आणि वर लिहून दिलं की तो आपणहून गेला.” यात खोटं काय आहे? तीन मार्चला आनेहळ्ळाच्या घळीत वणवा आला, तेव्हा जडेयाला आत पाठवण्याचा हुकूम तुझ्या तोंडून सुटला. बारा वॉचरांनी ऐकला. आणि कागदावर तू काय लिहिलंस? ‘वॉचर जडेया आदेशाविना घळीत शिरला.’ माझा जावई जळून मेला तो मेला, वर बेशिस्त ठरला. आदेशाविना मेलेल्याची बायको म्हणून वॉचरांच्या कॅम्पवर त्याच्या जागी केतम्माला कामही देत नाहीत. जानेवारीत शेवटची सुनावणी आहे म्हणतात.

तुमच्या कागदावर ‘खरं बोलणे’ असा रकाना मला दिसला नाही. एक आखून घ्या.

आपला,
आचुगेगौडा


नेल्लिपोडू, २१ नोव्हेंबर

बेदे,

‘मामा, मला साहेब म्हणू नका, लाज वाटते’ असं लिहिलंस. मार्चमध्ये वाटत नव्हती. पण ठीक आहे, नाही म्हणत.

आणि ‘ते आदेशाचं वाक्य रेंजर साहेबांनी लिहायला लावलं’ हेही लिहिलंस. असेल. त्यांनी सांगितलं, तू लिहिलंस, हात तुझाच होता ना?

तुझी पोरं विचारतात, वणवा विझवायचा कसा. अरे, त्यांना सांग की प्रश्नच उशिरा विचारताय. माझा बाप संक्रांतीच्या आधी, पानं नुकती गळलेली असताना आणि सकाळचं दव अजून ओलं असताना पाचोळ्याला काडी लावायचा. गुडघ्याखालचा जाळ असायचा तो. तुझी आजी डोक्यावर कंदांची टोपली घेऊन त्याच्या कडेनं चालत जायची. मागून कोवळं गवत यायचं, गवतामागून हरणं यायची. मग कायदा आला आणि आग लावणारा गुन्हेगार झाला. माझा बाप दोन दिवस कोठडीत बसून आला आणि त्यानंतर त्यानं चुलीशिवाय काही पेटवलं नाही. आमची आग बंद झाली आणि घाणेरी आली. आता ती माझ्या डोक्यावर दोन हात वाढलीय. हिरवीगार असली तरी तेल ओतल्यासारखी पेटते.

खात्याची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून ठेवलेला पट्टा, तेवढी कायद्यात बसते. तिचा हुकूम निघतो फेब्रुवारी संपताना, म्हणजे डोंगराला नुसती काडी दाखवली तरी तो पेटतो तेव्हा. बैल गेला आणि झोपा केला. हे मी तुला जानेवारीत दोनदा बोललो होतो. तू म्हणालास, “मामा, वरून कागद आल्याशिवाय मला काही करता येत नाही.”

आता त्या सकाळचं. तू विसरला असशील, मी विसरलो नाही. वणवा घळीच्या माथ्यावर होता आणि आपण सगळे खाली ओढ्याच्या तोंडाशी उभे होतो. रेंजर साहेब जीपला टेकून चहा पीत होते. तू नकाशा बॉनेटवर पसरून सांगत होतास की एकानं घळीत वर शिरायचं, मध्यावर समोरून जाळ लावायचा, वारा वर चढतोय तो आपला जाळ वणव्यापर्यंत नेईल, दोन्ही आगी एकमेकींना खातील. पुस्तकातलं होतं, आणि पुस्तकात चूक नव्हती. मी पुढं झालो आणि म्हणालो, “बेदे, थांब जरा, वाऱ्याचं...”

तू मान वर न करता म्हणालास, “मामा, हे पोडू नाही, ड्युटी आहे. इथं साहेब म्हणायचं. आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही.”

रेंजर साहेब हसले. “काय गौडा, भाच्यानं जागा दाखवली!” बारा जणांनी आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघितलं. तुझा शेंबूड मी पुसलाय, बेदे. तुझा बाप गेल्यावर तुला हॉस्टेलात सोडायला पाठीवर घेऊन मी येळंदूरपर्यंत उतरलो होतो. तू रडून माझा शर्ट भिजवला होतास.

धड्यात लिही की वनपालाला हुकूम देता आला पाहिजे. तुला छान जमतं.

मामा


नेल्लिपोडू, ९ डिसेंबर

बेदे,

तुझ्या पत्रात या वेळी धडा नाही, कागद नाही, नुसता एक प्रश्न. ‘मामा, त्या दिवशी तुम्ही वाऱ्याचं काय सांगणार होता?’

नऊ महिने उशीर झाला तुला.

मी काय सांगणार होतो ते आता कशाला? तू पोरांना शिकव. त्यांना सांग की हत्तीचा वास आधी नाकाला नाही, घशाला लागतो, आंबल्या ताकासारखा. सांग की अस्वलाच्या बाबतीत धीट माणूस कामाचा नाही, भित्रा चालतो. ज्याला एका तासापेक्षा जास्त गप्प बसवत नाही त्याला पहिल्याच आठवड्यात घरी पाठव. गप्प बसणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं कसब, आणि त्यात मी... असो.

इथं थंडी पडलीय. नेल्ली, म्हणजे आवळा, भरपूर लागलीय या वर्षी. केतम्मा दिवसभर पिशव्या भरते. परवा माझ्या टाचेत काटा मोडला तर सुई तापवून तिनं अर्धा तास बसून काढला. म्हणाली, “अप्पा, तुमच्याशिवाय मला कोण आहे आता?” ताटात नाचणीचा मोठा उंडा मला वाढते, लहान स्वतः घेते. मी म्हटलं उलट कर, तुला काम असतं. ऐकत नाही. जेवता जेवता तुला शिव्या घालते आणि मी जेवतो.

सगळ्या पोडूला ठाऊक आहे की आचुगेगौडा ओरडला होता. वारा फिरल्या क्षणी सगळ्यांच्या आधी मी ओरडलो, “जडेया, खाली ये!” ते चौकशीच्या कागदावरही आहे, बारा जणांनी सांगितलंय. बाजारात लोक मला बसायला जागा देतात.

तू विचारतोस ते मला पुन्हा विचारू नकोस.

मामा


नेल्लिपोडू, २८ डिसेंबर

बेदे,

तू पुन्हा विचारलंस. तुला गप्प बसणं कधी जमलंच नाही.

तीन दिवस कागद समोर घेऊन बसतोय. लिहितो, एकदाच लिहितो. हे वाचून फाडायचं की जपून ठेवायचं ते तू ठरव.

आनेहळ्ळाची घळ मावळतीच्या बाजूनं कड्याला टेकलेली आहे. दिवसभर वारा ओढ्याकडून वर चढतो, तू म्हणालास तसाच. पण उन्हं कड्यामागं गेली की तो पालटतो आणि माथ्यावरून खाली सुटतो. बाकी डोंगरात हे दिवस मावळताना होतं, तिथं साडेतीनलाच. कड्याची सावली घळीतल्या पाठमोऱ्या खडकाला शिवली की पालटला म्हणून समजायचं. हे माझ्या बापानं मला दाखवलं, मधाच्या पोळ्याला धूर देताना. धूर अंगावर आला तर माश्या माणसाला सोडत नाहीत, म्हणून आम्हाला हे ठाऊक. तू हॉस्टेलात होतास, तुला कोण दाखवणार? जडेया पलीकडच्या डोंगरातला, घरजावई होऊन आलेला. त्याला त्याच्या घळी ठाऊक, आमची नाही.

मला मात्र सकाळीच ठाऊक होतं. तू नकाशा उघडलास तेव्हाच.

वाऱ्याचं सांगायला मी तोंड उघडलं, तू बंद केलंस. त्यानंतर दुपारी दोनपर्यंत मला बोलायला पुष्कळ वेळ होता. तुला बाजूला घेता आलं असतं. साहेब म्हणून हाक मारली असती तर तू ऐकलंही असतंस, तेवढा तू वाईट नाहीस. मी नाही बोललो. विचारल्याशिवाय बोलायचं नाही असा तुझा हुकूम होता ना? बावीस वर्षांत मी इतक्या आवडीनं कुठला हुकूम पाळला नव्हता.

दोन वाजता तू जडेयाचं नाव घेतलंस. तो मशाल घेऊन निघाला आणि माझ्यापाशी थांबला. सासरा म्हणून नाही, गुरू म्हणून थांबला. म्हणाला, “मामा, जाऊ?”

मी म्हणालो, “साहेबांना विचार.”

त्यानं तुझ्याकडं बघितलं. तू हात केलास, जा. तो गेला.

तो मरावा असं माझ्या मनात नव्हतं. हे तू मान किंवा मानू नकोस. माझ्या मनात काय होतं ते सांगतो, त्यापेक्षा मरण मनात असतं तर निदान मोठं पाप झालं असतं. मी सावलीकडं बघत होतो. सावली खडकापासून दोन हातांवर आली की मी ओरडणार होतो. जडेया काटक, हाकेसरशी धावत खाली आला असता. मग वारा फिरला असता, तुझा जाळ उलटा आला असता, आपण सगळे ओढ्यात उतरून पळालो असतो, तुझ्या भुवया होरपळल्या असत्या. आणि रेंजर साहेबांदेखत, बारा जणांदेखत तू माझ्याकडं वळून म्हणाला असतास, “मामा, तुम्हाला कसं कळलं?” एवढंच मला हवं होतं. एका वाक्यासाठी मी गप्प होतो.

पण माझं गणित माझ्या बापाच्या जंगलातलं. तिथं गवत होतं, पाचोळा होता. आता घाणेरी आहे, आणि एवढी घाणेरी पेटली की ती आपला वारा आपण ओढते. सावली खडकापासून वीस हात लांब होती तेव्हाच वारा उलटला. मी ओरडलो. सगळ्यात आधी ओरडलो कारण एकटा मीच वाट बघत होतो. जडेयाची मशाल दिसली मला, दोनदा हलली. मग धूर आला.

तू पत्रात लिहितोस की रोज सकाळी डोळे उघडले की तुला तो मशाल घेऊन जाताना दिसतो. मला नाही दिसत. मला तो थांबलेला दिसतो.

केतम्माला हे ठाऊक नाही. तुझ्यावरच्या तिच्या शिव्या मी नऊ महिने ऐकल्या आणि तिच्या हातचं खाल्लं. तुला मी तीन पत्रांत खोटारडा ठरवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तरी चावलो. सुनावणी सोळा तारखेला आहे. मी तिथं हे सांगणार आहे. तुला तुझं आदेशाचं वाक्य सुधारायचं असेल तर सुधार, नसेल तर नको. मी सांगणारच.

मामा


नेल्लिपोडू, २४ जानेवारी

बेदे,

तुझं एका ओळीचं पत्र आलं. ‘मी विचारायला हवं होतं.’ ते तुझ्या पोरांना सांग, मला पाठवू नकोस. मला त्याचा काही उपयोग नाही आता.

सोळाला रेंज ऑफिसात गेलो. तुझा जबाब तिकडं शहरात झाला हे मला तिथल्या कारकुनानं सांगितलं. म्हणाला, “तुमच्या भाच्यानं फिरवलं हो, मीच पाठवलं म्हणाला. बढती गेली त्याची.” मला तुझा अभिमान वाटला आणि तो वाटल्याचा रागही आला.

चौकशीचे साहेब सभ्य होते. मला खुर्ची दिली, कॉफी मागवली. मी आधी कॉफी बाजूला ठेवली आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. सकाळी ठाऊक होतं, बोललो नाही, जडेयानं विचारलं तरी सांगितलं नाही. ते ऐकत होते. मग पेन खाली ठेवून म्हणाले, “आजोबा, घरातलं माणूस गेलं की असं होतं. मन स्वतःलाच धरून बसतं. तुम्ही तर ओरडून सावध केलंत, सगळ्यांचे जबाब आहेत.”

मी म्हटलं, “साहेब, मी ओरडलो कारण मला आधीच कळलं होतं.”

“वारा फिरणार हे? अहो, ते हवामान खात्याला सांगता येत नाही.”

“मला येतं. आज दुपारी चला घळीत. साडेतीनला वारा फिरवून दाखवतो.”

कारकून फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत, घड्याळ बघितलं. त्यांना दिवसाउजेडी म्हैसूर गाठायचं होतं. त्यांनी विचारलं, “तुमचं शिक्षण किती?” मी म्हटलं चौथी. त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या जबाबातलं तेवढंच लिहून घेतलं असावं.

मग निकालाचा कागद वाचून दाखवला. वॉचर जडेया वनपालांच्या आदेशावरून कर्तव्य बजावताना मृत्यू पावला. वारा अचानक पालटल्याने दुर्घटना घडली. याची पूर्वकल्पना कोणालाही असणे शक्य नव्हते. खाली सही करा म्हणाले.

मी म्हटलं शेवटचं वाक्य खोटं आहे. ते म्हणाले, “आजोबा, हा कागद आज गेला तर तुमच्या मुलीला सोमवारपासून कॅम्पवर काम मिळेल. परत लिहायचा म्हटला तर पुन्हा चौकशी, पुन्हा एक वर्ष.” मी सही केली. बावीस वर्षांत खात्यानं मला एकदाच काही लेखी दिलं, आणि ते हे, की मला काही कळत नाही.

घरी आलो. केतम्मा अंगणात नेल्ली निवडत बसली होती. आधी तिला कामाचं सांगितलं. तिनं हात जोडून रंगस्वामी देवाच्या डोंगराकडं बघितलं. मग म्हणाली, “अप्पा, तुम्ही होता म्हणून झालं.”

तेव्हा सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही.

ती निवडत राहिली. हात न थांबवता म्हणाली, “किती आधी कळलं होतं?”

“सकाळीच.”

“त्यानं विचारलं होतं?”

“हो.”

टोपली संपेपर्यंत ती उठली नाही. डागी फळं एका बाजूला, चांगली एका बाजूला. मग आत गेली, तिच्या पोरीचे, माझ्या नातीचे कपडे बांधले, माझ्या दोन दिवसांच्या भाकऱ्या थापून झाकून ठेवल्या आणि पोरीला घेऊन जडेयाच्या आईच्या पोडूला गेली. सोमवारी तिथूनच कामावर हजर झाली. कॅम्पवर माझी पाळी असते तेव्हा ती दुसरी पाळी मागून घेते. तुला ती शिव्या देत नाही आता, असं तिच्या सासूनं सांगितलं. तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं.

साहेबांना मी दोनदा सांगितलं, त्यांना पटलं नाही. मला मनातून वाटलं होतं की केतम्माही तसंच म्हणेल. “काहीतरीच अप्पा, वाऱ्याचं कुणाला कळतं?” एवढं जरी ती म्हणाली असती तरी मी मान डोलावली असती, माझ्या बापाची विद्या तिथंच मातीत घातली असती, आणि माझी लेक माझ्या घरात राहिली असती. मी अंगणात उभा राहून त्याचीच वाट बघत होतो. ती तसं म्हणाली नाही. तिला एका क्षणात पटलं.

मामा